वरचा विभाग

महाप्याला तिसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी झाड लावतेय.
मुळं वर, फांद्या खाली.
सॉफ्टवेअरला असंच झाड कळतं.

आधी विभाग, मग पदं, शेवटी माणसं.
क्रम चुकला की लाल पट्टी येते :
वरचा विभाग निवडा.
पॅकिंग कुणाखाली? उत्पादनाखाली.
उत्पादन कुणाखाली? प्रकल्पाखाली.
बॉयलर?
उत्पादनाचे इनामदार म्हणतात, मेंटेनन्सकडे टाका,
मेंटेनन्सचे कुरियन म्हणतात, आमच्या गळ्यात नको.
दोन दिवस बॉयलर अधांतरी होता
आणि तरी वाफ येत होती.

फक्त सर्वात वरच्या चौकोनाला
कुणी काही विचारत नाही.
तिथं ती जागा करडी होते,
कितीही क्लिक करा, उघडत नाही.

शिकवायला पुण्याहून निहार आला होता.
म्हणाला, मॅडम, माणूस विसरा. पद म्हणजे खुर्ची.
खुर्चीला नंबर द्या.
माणूस बसेल, उठेल, खुर्ची राहील.
मी म्हटलं, आणि जो दिवसभर उभाच असतो, तो?
त्यालाही खुर्ची द्या, म्हणाला,
नाहीतर पगार कुठे पडणार?

माझीही खुर्ची मीच भरली.
पद : संस्थारचना सहायक, कंत्राटी.
समाप्ती : तीस जून.
चौकट हिरवी झाली. चहा घेतला.

अडलं ते वजनकाट्यावर.
जुन्या तक्त्यात तो सिक्युरिटीखाली,
हजेरीपटात डिस्पॅचखाली,
आणि दिवाळीच्या मिठाईच्या यादीत
कुणाच्याच खाली नाही.
शेवटी जिना उतरून गेले.

हिराजी मढवी केबिनबाहेर उभे होते.
समोर टँकर, भरलेला,
आकडा थरथरत स्थिर व्हायची वाट बघत.
मी विचारलं, काका, काटा नक्की कुणाच्या खाली येतो?
त्यांनी आधी पावती फाडली.
ड्रायव्हरला दिली. मग म्हणाले,
"कोनाचे खाली, ते मना म्हाईत नाय.
काट्याचे खाली आमचं खाजन हाय."

टँकर उतरला. काटा शून्यावर आला.
शून्यावर यायला त्याला जरा वेळ लागतो.
कुठे बांध होता, कुठे उघाडी,
भरतीचं पाणी कुठून आत यायचं,
ते बुटाच्या टोकानं दाखवत होते
सिमेंटवर.
राग नव्हता आवाजात.
जागा सांगतात तशी सांगत होते,
ऑफिसात नवीन आलेल्याला पँट्री कुठे, तशी.

वर आले. स्टोअर्सखाली टाकला.
पद क्रमांक सत्तेचाळीस, वजनकाटा मदतनीस.
हाताखाली : कुणी नाही.
धारक : मढवी हिराजी पदाजी, निवृत्ती एकतीस मे.
त्यानंतर : रिक्त, भरू नये.
ही ओळ माझी नाही, वरून आली होती.

लागू दिनांकात उगीच
जमीन गेली ते साल टाकून बघितलं.
लाल पट्टी आली :
कंपनीच्या स्थापनेपूर्वीची तारीख चालत नाही.

खाली शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा असते.
लिहिलं, काट्याखाली खाजण आहे.
मावलं. बरीच जागा उरली.
निहारला फोनवर विचारलं, शेरा कुठे छापला जातो?
म्हणाला, कुठेच नाही, मॅडम,
पण पुसलाही जात नाही.

सेव्ह केलं.
तेवढ्यात बादली काठोकाठ.
हाउसकीपिंगला फोन केला, ते म्हणाले, ॲडमिन.
ॲडमिनला केला, ते म्हणाले, एसीवाला.
मी झाड उघडून बघितलं,
बादली त्यात नव्हती.
उचलली, दोन्ही हातांनी,
आणि चालत निघाले,
सांडत थोडी.